हाताचे मोल आणि हाताचे काम



आगरदांड्याच्या धक्क्यावर सकाळी तासभर उभे राहिले, की माणसाचा हात दिवसाकाठी किती प्रकारची कामे करतो याचा सबंध पाठच डोळ्यांपुढून जातो. दिघीहून फेरीबोट येऊन लागते; एक खलाशी दोर फेकतो, दुसरा तो झेलून खुंट्याला अडकवितो. कोळीण गिऱ्हाइकाशी बोलत बोलत कोळंबी सोलते. तिचे डोळे गिऱ्हाइकाकडे असतात आणि बोटे आपले काम करीत असतात. जरा पलीकडे कोणी म्हातारा पायाच्या अंगठ्यात डोलजाळे ताणून त्याचे भोक सांधीत बसलेला असतो. शाळेला निघालेले पोर एका हाताने दप्तर सावरीत दुसऱ्या हाताने चपलेचा पट्टा ओढते. यांपैकी कोणीही आपल्या हाताचा विचार करीत नाही. हात तुटला, अर्धांगाने लुळा पडला, किंवा जन्मापासूनच मेंदूचा हुकूम मानीत नसला, म्हणजे मात्र तांब्या उचलणे ही केवढी मोठी गोष्ट आहे हे कळते.

आजचा आमचा विषय या गोष्टीचा इतिहास हा आहे. इंग्रजीत ज्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, त्याला मराठीत व्यवसायोपचार असे नाव पडले आहे. नाव थोडे फसवे आहे. व्यवसाय म्हटला की आपल्याला नोकरीधंदा आठवतो. पण जुन्या संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय, उद्योग. सकाळी उठून दात घासणे, आंघोळ करणे, साडी नेसणे, भाकरी थापणे, मुलाने खेळणे, शाळेत पाटीवर अक्षर काढणे, हे सारे त्यात येते. आजाराने, अपघाताने किंवा जन्मजात दोषाने ज्याला हे करता येत नाही, त्याला ते पुन्हा किंवा प्रथमच करता यावे, म्हणून शास्त्रशुद्ध रीतीने केलेली खटपट म्हणजे व्यवसायोपचार. हाडाचा डॉक्टर हाड जोडतो. भौतिकोपचार करणारा सांधा हलता करतो आणि स्नायूंत बळ आणतो. व्यवसायोपचार करणारा विचारतो, की या बळाने हा मनुष्य उद्या सकाळी काय करणार आहे?

आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. तेव्हा या विषयाकडे आम्ही कामगार चळवळीच्या वाटेने आलो, आणि त्याच वाटेने आपणांस घेऊन जाणार आहोत. ही वाट परळहून निघते.

त्या काळी आपल्या कुलाबा जिल्ह्यातून, ज्याला १९८१ पासून आपण रायगड म्हणतो, आणि खाली रत्नागिरीकडून हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत जात. १८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरली. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. जोतीराव फुल्यांचे ते सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी त्या वेळी जो अर्ज तयार झाला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेस मर्यादा, वेळेवर पगार, या त्यातील चार मागण्या आपण शाळेच्या पुस्तकातही वाचतो. पाचवी मागणी कोणी फारशी सांगत नाही. तिचे दोन भाग होते. कामावर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, हा पहिला. आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तजवीज व्हावी, हा दुसरा.

ही मागणी कायद्यात येण्यास एकोणचाळीस वर्षे लागली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. युनियनचे काम करणाऱ्या माणसास या कायद्याचे परिशिष्ट तोंडपाठ असावे लागे. त्यात अवयवाअवयवाची किंमत लिहिलेली होती. दोन्ही हात गेले तर कमाईची शक्ती शंभर टक्के गेली असे धरावयाचे. अंगठा गेला तर तीस टक्के. एका हाताची चार बोटे गेली तर पन्नास, तीन गेली तर तीस, दोन गेली तर वीस. तर्जनी सबंध गेली तर चौदा, मधले बोट बारा, करंगळी सात. आम्ही या कोष्टकाची थट्टा करीत नाही. ते नव्हते तेव्हा जखमी कामगाराच्या हातावर मालक दोन रुपये ठेवी आणि दार दाखवी. कोष्टक आल्यावर त्याला हक्काने कोर्टात उभे राहता आले. आमच्या आधीच्या पिढ्यांनी हे मिळविले आणि आम्ही त्याच्या जोरावर अनेक घरांत चूल पेटती ठेवली.

परंतु कोष्टक बोटाची किंमत सांगते. बोटाचे काम सांगत नाही. हा फरक आम्हांस फार उशिरा कळला, आणि तो कसा कळला हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. याच खाडीच्या काठचा एक तरुण जिल्ह्यातील एका कारखान्यात प्रेसवर काम करीत होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची चारही बोटे गेली. अंगठा तेवढा राहिला. आम्ही त्याचा दावा लढविला. तारखा पडल्या, डॉक्टरी दाखल्यावर वाद झाला, शेवटी पन्नास टक्क्यांप्रमाणे रक्कम मिळाली. आमच्या वहीत त्या नावापुढे आम्ही 'निकाल लागला' असे लिहिले. पुढे त्याच्या घरी सत्यनारायण होता, म्हणून आम्ही पेढे घेऊन गेलो. ओटीवर पंगत बसली. यजमान पंगतीत नाही. आम्ही हाक मारली, तर वहिनी म्हणाल्या, "ते मागाहून जेवतील." आम्ही आग्रह करण्यासाठी सरळ आत गेलो. तो मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि वहिनींनी कालवून दिलेला भात डाव्या हाताने खात होता. आम्हांला पाहून त्याने ताट झाकले. म्हणाला, "भाऊ, चार माणसांत डाव्या हाताने कसा जेवू?" दोन वर्षे तो मनुष्य कोणाच्या लग्नात जेवावयास गेला नव्हता. सदऱ्याची बटणे बायको लावी. जाळ्याला तर त्याने हातच लावला नव्हता. आम्ही त्याला पन्नास टक्के मिळवून दिले होते आणि या दोन वर्षांत त्याला एकदाही विचारले नव्हते, की बाबा, तुझा दिवस कसा जातो?

पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही त्याला घेऊन मुंबईच्या एका सार्वजनिक इस्पितळात गेलो. तेथे एक तरुण व्यवसायोपचारतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी हात पाहिला, मोजमापे घेतली, आणि मग कागद पुढे ओढून म्हणाल्या, "दादा, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय करता, ते सांगा. आणि काय करावेसे वाटते पण करता येत नाही, तेही सांगा." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, उजव्या हाताने जेवायचंय." आम्ही शेजारीच बसलो होतो. इतक्या वर्षांच्या चळवळीत जो प्रश्न आम्हांस सुचला नाही, तो या पंचवीस वर्षांच्या मुलीने पहिल्या भेटीत विचारला होता.

हा प्रश्न त्या बाईंना शिकविला कोणी? त्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात वेड्यांना साखळ्यांनी बांधून ठेवीत. फ्रान्समध्ये डॉक्टर पिनेल यांनी, आणि इंग्लंडात विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने, या रीतीला विरोध केला. ट्यूक हा क्वेकर, म्हणजे साधेपणा आणि युद्धविरोध मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. त्याने १७९६ साली यॉर्क येथे 'रिट्रीट' नावाचे घर उघडले. तेथे रोग्यांना माणसासारखे वागवीत आणि बागकाम, शिवणकाम अशी कामे देत. कामात गुंतलेले मन सावरते, हा अनुभव तेथे आला. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत याच अनुभवाला शास्त्राचे रूप देण्याची खटपट सुरू झाली. एलिनॉर क्लार्क स्लेगल या बाईंनी मनोरुग्णांना रोजच्या सवयी नव्याने लावण्याची पद्धत बसविली. शिकागोतील ज्या हल हाउस नावाच्या सेवागृहाशी त्यांच्या कामाचा संबंध होता, ते कामगार स्त्रियांच्या संघटनांनाही आसरा देणारे घर होते. जॉर्ज बार्टन हा वास्तुविशारद. त्याला क्षय झाला, पायावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि डावे अंग लुळे पडले. हातांनी काम करीत करीत तो स्वतः सावरला आणि दुसऱ्यांसाठी त्याने न्यूयॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे एक घर उघडले. त्याच घरात मार्च १९१७ मध्ये सहा माणसे जमली आणि या शास्त्राची पहिली राष्ट्रीय संस्था निघाली. पुढच्याच महिन्यात अमेरिका महायुद्धात उतरली. जखमी सैनिकांची रांग लागली आणि नवे शास्त्र पुस्तकातून एकदम खाटेपाशी आले.

ते आपल्याकडे आले ते एका बाईंच्या चिकाटीने. त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० सालचा, अमेरिकेतील क्वेकर घराण्यात. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या हिंदुस्थानात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. मुंबईत त्यांनी मुलांसाठी शाळा चालविली. चाळिशी उलटल्यावर, संसार मांडलेला असताना, त्या अमेरिकेत गेल्या, फिलाडेल्फियाच्या शाळेत व्यवसायोपचार शिकल्या आणि परत आल्या. १९५० साली मुंबईच्या केईएम इस्पितळात त्यांनी हे शास्त्र शिकविणारी देशातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञांची संघटना निघाली. त्याच वर्षी या शास्त्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत हिंदुस्थान होता. पुढे नागपुरातही हे शिक्षण सुरू झाले. १९७९ साली कमलाबाई वारल्या.

केईएम इस्पितळ कोठे आहे? परळला. १८८४ साली ज्या परळात कामगारांनी अपंगाच्या उदरनिर्वाहाची तजवीज मागितली, त्याच परळात सहासष्ट वर्षांनी ती तजवीज कशी करावी हे शिकविणारी शाळा उघडली. हा निव्वळ योगायोग असेल. पण आम्हांस त्याची खंतही वाटते, कारण गिरणगावात राहूनही आमच्या चळवळीने या शाळेकडे पुरेसे पाहिले नाही. आम्ही लेबर कोर्टाची पायरी ओळखत होतो. या शाळेची ओळखत नव्हतो.

आता हे शास्त्र काम कसे करते ते पाहू. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे क्रियेचे पृथक्करण. पाणी पिणे ही आपल्या लेखी एक क्रिया. या तज्ज्ञाच्या लेखी त्या सातआठ आहेत. भांडे पाहणे, त्याकडे हात नेणे, बोटे उघडणे, ती नेमकी तेवढीच मिटणे, मनगट सरळ ठेवणे, कोपर वाकविणे, ओठ लावणे, घोट घेऊन भांडे खाली ठेवणे. यांपैकी कोणती कडी तुटली आहे हे शोधावयाचे. मग ती सांधावयाची, नाही तर वस्तू बदलावयाची, नाही तर रीत बदलावयाची. चमच्याची दांडी बोटांत धरता येत नसेल तर तिला चिंधी गुंडाळून जाड करावयाची. ताट सरकत असेल तर खाली ओले फडके घालावयाचे. एकाच हाताने कांदा चिरावयाचा असेल तर पाटाला खालून दोन खिळे ठोकावयाचे आणि वर निघालेल्या टोकांवर कांदा रोवावयाचा. अर्धांगाच्या रोग्याने सदरा घालताना आधी दुबळा हात बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. एवढी एक गोष्ट कळली तरी मनुष्य दुसऱ्याच्या हाताखालून सुटतो. यात लाखो रुपयांचे यंत्र नाही. नजर आहे, धीर आहे आणि माणसाच्या घराची माहिती आहे.

घराची माहिती हा भाग आपल्या देशात विशेष महत्त्वाचा. हे शास्त्र ज्या देशांत वाढले, तेथे लोक खुर्चीवर बसून काट्याने जेवतात. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालावी लागते, विळीवर बसावे लागते, मोरीत उकिडवे बसून आंघोळ करावी लागते, हाताने भात कालवावा लागतो. ज्याला गुडघा वाकविता येत नाही त्या बाईला विळीशी बसता येत नाही. तेव्हा विळी ओट्यावर चढवून पक्की बसवावी लागते. हे इंग्रजी पुस्तकात सापडावयाचे नाही. ते आपल्या तज्ज्ञांना आपल्या पडवीत येऊनच शोधावे लागते.

सुरुवातीच्या काळात या शास्त्राची मुख्य साधने हातमाग, सुतारकाम, वेताचे काम अशी होती. फणी पुढेमागे ओढण्याने खांदा आणि कोपर सुटते, पावड्या दाबण्याने घोटा सुटतो. गिरणीतल्या मागाने ज्यांचे हात खाल्ले, त्यांना हातमागाने ते परत चालू करून द्यावे, यात कामगाराने नोंद घ्यावी असे काही आहे.

मुलांचा विचार निराळा करावा लागतो. मोठ्या माणसाचे गेलेले परत आणावयाचे असते. मुलाला जे कधी आलेलेच नाही ते आणावयाचे असते. मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळ, आणि खेळाच्या वाटेनेच त्याला शिकवावे लागते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा मेंदू जन्माच्या सुमारास दुखावलेला असतो. अंग ताठते, मान सावरत नाही. असे मूल आडवे धरून भरविले तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला कोपऱ्यात टेकून, पाय तळाला टेकतील असे बसविले, मान किंचित पुढे ठेवली, की तेच मूल गिळू लागते आणि समोरच्या खेळण्याकडे हात नेऊ लागते. शेजारी म्हणत असतात की गेल्या जन्मीचे काही आहे. खरे पाहता त्याला नीट बसण्याची जागा हवी असते.

आपल्या महाराष्ट्रात या दिशेने झालेले काम थोडे नाही. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांसाठी फातिमा इस्माईल यांनी मुंबईत १९४७ साली संस्था काढली. १९५५ साली मुंबईत हाजी अलीजवळ भौतिकोपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले. ज्या महारोग्यांना समाजाने भीक घातली होती त्यांना त्यांनी विहीर खणावयास आणि शेत पिकवावयास लावले. डॉक्टरी पदवीवाचून तेथे व्यवसायोपचाराचे मूळ तत्त्व अवतरले. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळा उघडली. पोलिओ तर २०१४ साली देशातून गेल्याचा दाखलाच मिळाला. कायदेही झाले: १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा, २००२ साली व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा महाराष्ट्राचा कायदा, आणि २०१६ साली एकवीस प्रकारचे अपंगत्व मानणारा नवा केंद्रीय कायदा.

एवढे सारे झाले, आणि तरीही पडवीत भिंतीकडे तोंड करून जेवणारा माणूस आमच्या खाडीच्या काठी राहिलाच. तो का राहिला? शाळा परळला, संस्था हाजी अलीला. मुरुडहून अलिबागच पन्नास किलोमीटरांच्या आसपास, मग मुंबई. आठवड्यातून दोनदा रोग्याला नेणे म्हणजे नेणाऱ्याचीही दोन दिवसांची मजुरी बुडविणे. जन्मापासून ताठलेले मूल कडेवर घेऊन आई एसटीत किती वेळा चढणार? कारखान्यातील कामगाराला निदान मालक आहे, त्याच्यावर दावा लावता येतो. स्वतःच्या होडीवर दोरात हात सापडलेल्या कोळ्याने, स्वतःच्या वाडीत माडावरून पडलेल्या माणसाने दावा कोणावर लावावा? आणि अर्धांगाने पडलेल्या म्हातारीची बोटे कोणत्या कोष्टकात बसतात?

त्या तरुणाचे पुढे काय झाले ते सांगतो. बाईंनी त्याच्या तळव्याला बसेल असा चामड्याचा पट्टा करून घेतला आणि त्यावर अंगठ्यासमोर येईल असा एक टणक खुंट बसविला. अंगठा आणि खुंट यांचा चिमटा झाला. पहिल्या दिवशी त्यात काडीही धरवेना. तीनचार महिने तो पंधरवड्याने मुंबईस जात राहिला. घरी रोज गोट्या उचलणे, दोरी ओढणे, चमचा धरणे चालू होते. मग एके दिवशी त्याने जाळे घेतले. सुई डाव्या हातात, आणि जाळ्याचा पीळ उजव्या हाताच्या चिमट्यात. पूर्वीच्या निम्म्या वेगाने का होईना, भोक सांधले गेले. पुढच्या सालच्या सत्यनारायणाला आम्ही गेलो, तेव्हा तो पंगतीत आमच्या शेजारी बसला होता. चमच्याने जेवला, पण उजव्या हाताने जेवला. आम्ही त्यावर काही बोललो नाही. त्यानेच आम्हांला आणखी भात वाढावयास सांगितले.

त्यानंतर आम्ही आमच्या कचेरीत एक नियम केला. अपघाताची केस आली की दाव्याच्या कागदाबरोबर आणखी एक कागद लिहावयाचा: हा मनुष्य सकाळी उठल्यापासून काय काय करतो, आणि काय करता येत नाही. हा कागद कोर्टात चालत नाही. तो तज्ज्ञाकडे जातो आणि कधी कधी आमच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे राहतो.

मित्रहो, या किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात तज्ज्ञ बसविता येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु महिन्यातून ठरलेल्या दिवशी एक तज्ज्ञ तालुक्याच्या दवाखान्यात यावा, त्याने अंगणवाडीच्या ताईंना आणि आशांना मूल कसे बसवावे, घास कसा द्यावा, दुबळा हात बाहीत कसा घालावा हे शिकवावे, ही मागणी काही आकाशातली नाही. ती ग्रामपंचायतीने करावी, मच्छीमारांच्या सोसायट्यांनी करावी, युनियनांनीही करावी. लोखंड्यांच्या पाचव्या मागणीचा पहिला भाग कायद्याच्या पुस्तकात आला. दुसरा भाग अजून पुरता आलेला नाही. तो पैशाने एकट्याने यावयाचा नाही. त्यासाठी आपल्याला आपल्या शेजाऱ्याच्या मागच्या पडवीत जाऊन विचारावे लागेल, की तुमचा दिवस कसा जातो?